दोन्हीकडून बंद केलेली खिडकी

आमच्या गाडीत एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो. दुसऱ्याने बसायचं, नाहीतर झोपायचं. दोघांना एकदम उभं राहायचं असेल तर एकाने बाहेर जायचं, आणि पाऊस असेल तर छत्री घेऊन बाहेर जायचं. मोटरहोम म्हटलं की लोक डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी आणतात. आमची म्हणजे साडेपाच मीटर लांबीची जुनी व्हॅन. तिच्यात दोन बर्नरची शेगडी, तोंड धुण्यापुरतं बेसिन, कपाटात कोंबलेला संडास आणि मागे आडवा पलंग. पलंगाच्या बरोबर वर, छपराला एक चौकोनी खिडकी. पडल्या पडल्या आकाश दिसावं म्हणून ती ठेवलेली असते.

गाडी तिघांची. दादा, मी आणि धाकटा. मला साठी उलटली तरी दादा अजून छकुलीच म्हणतो, आणि धाकटा पंचावन्न वर्षांचा बाप्या झाला तरी आमच्याकडे तो धाकटाच. दादा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होता. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्याची हयात गेली. धाकटा लोकांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवून देतो. मी दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होते, म्हणजे लोकांना "अजिबात दुखणार नाही" असं सांगण्याचा मला तीस वर्षं पगार मिळाला. मी एकटी राहते. ते मला मानवतं, कोणी विचारलं नसलं तरी सांगून ठेवते.

गाडी आईला फिरवायला घेतली होती. आई तिच्यात दोनदाच बसली. मग तिचं ऑपरेशन निघालं. दादा म्हणाला करू या, धाकटा म्हणाला नको, दादाने सही केली आणि तिसऱ्या दिवशी आई गेली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. याला अकरा वर्षं झाली. भांडण म्हणावं तर तेही धड झालं नाही. दवाखान्याच्या जिन्यात धाकटा एक वाक्य बोलला, दादाने ते ऐकून घेतलं, आणि दोघं वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडले. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही.

गाडी मात्र कोणी सोडेना. विकू या असं जो आधी म्हणेल तो हरला, असं काहीतरी दोघांच्याही डोक्यात होतं. शेवटी मीच पाळ्या लावून दिल्या. एक महिना दादा, एक महिना मी, एक महिना धाकटा, मग परत मी. म्हणजे गाडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात थेट कधी जायची नाही. चार महिन्यांतले दोन माझ्या वाट्याला येतात, हे दोघांच्याही लक्षात आलं असणार. पण तक्रार करायची तर आधी एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवली होती. बोलणं काय ते तिच्यातून. "गॅस संपत आला आहे." "डावं मागचं चाक हवा धरत नाही." इथवर ठीक. पण हातात पेन आलं की दादाचा तपासनीस व्हायचा. "संडासाची पेटी रिकामी केल्यावर धुवायची असते, हे काही जणांना ठाऊक नसावे." त्याखाली धाकट्याचं किरटं अक्षर: "चादरी वजन करून भरणाऱ्यांनी गाडीत जेवू नये, वजन वाढते." दादा खरोखरच सगळं वजन करून भरायचा. ताटं, चादरी, टॉर्च, सगळं. लहान गाडीला भाराची मर्यादा असते, त्यामुळे तो चूक होता असं नाही, पण काट्यावर साबणाची वडी ठेवणारा माणूस पाहिला की माझं डोकं फिरतं. धाकट्याची तऱ्हा वेगळी. तो दर पाळीत कुठेतरी एक नवीन खुंटी ठोकून ठेवायचा. गाडीत खुंट्या सव्वीस आणि टांगायला टॉवेल दोन.

दोघांच्या मधे मी गाडी झाडायची, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची, पिण्याच्या पाण्याची भरायची, आणि निरोप पोचवायचे. निरोप पोचवताना त्यातलं टोचणारं काढून टाकायचं. ती सवय नोकरीतलीच. "दादाला सांग, अक्कल गहाण टाकलीस काय" हे माझ्या तोंडून "धाकटा विचारतोय, बॅटरी कुठून घेतलीस" असं व्हायचं. खरं सांगायचं तर मला हे काम जमायचं, आणि आवडायचंही.

तीन वर्षांपूर्वी धाकट्याने वहीत लिहिलं: "छपराच्या खिडकीतून थेंब पडतो. बरोबर हिच्या उशीवर." त्याच्या बायकोला दमा आहे, ओल तिला सोसत नाही. गाडी माझ्याकडून दादाकडे गेली, आणि आठवड्याभरात दादाचा फोन आला.

"छकुली, ती खिडकी मी बंदोबस्तात टाकली. वर चढून चारी बाजूंनी पांढरं सीलंट भरलंय. आता थेंबाची काय बिशाद."

"वर चढलास? त्या गुडघ्याने?"

"मग काय, शिडी येऊन करणार होती? हे बघ, त्याला सांगायचं नाही. वहीतपण मी लिहिलेलं नाही. उगाच त्याला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"काही नाही. सांगू नकोस म्हटलं ना."

दादाच्या उजव्या गुडघ्याची वाटी तेव्हाच कामातून गेली होती. घरातला जिना तो एकेक पायरी मोजत उतरतो. मी कबूल केलं आणि गाडी माझा महिना संपल्यावर धाकट्याला दिली. पाच-सहा दिवसांनी त्याचा फोन.

"ताई, दादाने वहीत काही लिहिलं नाही, म्हणजे अजून वर चढलेला दिसत नाही. पण पुढच्या पाळीला चढणार. वाचलंय म्हणजे त्याला चैन पडायचं नाही. त्या गुडघ्याने वरून पडला म्हणजे? मी आतून चौकटीला करडं सिलिकॉन मारून टाकलं, गोल. विषय संपला."

इथे मी एवढंच म्हणायचं होतं, की अरे, ते झालंय. एवढ्या तीन शब्दांचं काम होतं.

"बरं केलंस," मी म्हणाले.

"त्याला कळता कामा नये हं. डोक्यावर बसेल."

"मी कशाला सांगतेय?"

फोन ठेवल्यावर मी स्वतःशीच हसले. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते आणि एकमेकांसाठी चोरून एकच काम करून बसले होते, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. दोन्हीकडून बंद केलंय तर दुप्पट पक्कं झालं, असाही विचार केला. मी त्या दिवशी फार खूश होते.

या वर्षीच्या माझ्या पाळीत मी तळ्याकाठच्या एका मैदानावर गाडी लावली. तिथे गाड्यांसाठी खडी टाकलेल्या जागा आहेत, वीज आहे, पाण्याचा नळ आहे, आणि शेजारच्या गाडीतल्या कुत्र्याशिवाय कोणी बोलायला येत नाही. पुढच्या चाकांखाली लाकडी पाचर सरकवून गाडी सपाटीत आणली, कारण ती जरा जरी तिरकी राहिली तर तव्यावरचं सगळं एका बाजूला धावतं. दुपारी पलंगावर आडवी झाले. वास येत होता. बंद पेटीतल्या जुन्या पुस्तकांना येतो तसा. आधीच्या दोन पाळ्यांतही आला होता, पण मी तो टॉवेलांच्या माथी मारून टॉवेल धुतले होते. आता हात वर करून खिडकीच्या कडेची फळी चाचपली. बोट आत गेलं. ओल्या ब्रेडमध्ये जावं इतकं सहज गेलं. मी बोट काढलं आणि बराच वेळ त्या भोकाकडे बघत पडून राहिले.

वार्षिक तपासणी महिन्यावर आली होती. गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजात नेली. ते चालवणारी बाई पन्नाशीची आहे, कमी बोलते, आणि चष्मा कपाळावर ठेवून दिवसभर चष्मा शोधते. तिने ओल मोजायचं यंत्र आणलं. त्याला दोन सुया असतात, त्या लाकडात टोचायच्या. ती खिडकीपासून सुरुवात करून टोचत टोचत दारापर्यंत आली, आणि दर वेळी आकडा बघून नुसतीच हुंकारली. मग छपराचं आतलं अस्तर हातभर उचकटलं. आत लाकडाची चौकट होती म्हणायची. काळा भुगा होता.

"काकू, ही खिडकी कोणी सील केली?"

"का?"

"हिच्या चौकटीला खालच्या अंगाला बारीक भोकं असतात. पाणी थोडंफार शिरतंच, माणसांच्या श्वासाची वाफही जमते. ते त्या भोकांतून छपरावर निघून जावं म्हणून. इथे बाहेरून कोणीतरी भोकं बुजवली. तेवढ्याने बिघडलं नसतं, पाणी आत टपकलं असतं आणि तुम्हाला कळलं असतं. पण आतूनही कोणीतरी लावलंय. दोन्ही वाटा बंद. मग ते सगळं छपरात मुरत राहिलं. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील."

"दुरुस्त नाही होणार?"

"छप्पर नवीन बसवावं लागेल, आणि ते बसवायला खाली धड भिंती नाहीत. तपासणीत पास होणार नाही. भंगारात काढा. तिन्ही मालकांच्या सह्या लागतील. आपापल्या सवडीने येऊन करा, कागद इथेच ठेवते."

मी बाहेर येऊन टायरांच्या थप्पीवर बसले. गाडीचं मला वाईट वाटत होतं, पण ते नंतरचं. गाडी गेली की वही गेली, पाळ्या गेल्या, निरोप गेले. मग ही दोघं एकमेकांची कोण? पुढची भेट माझ्या मयताला, आणि तिथेही दोन दारांनी येतील. बाईने आपापल्या सवडीने या म्हटलं होतं. मी दोघांनाही फोन करून सांगितलं की बुधवारी अकराला तिघांनी एकदम हजर राहावं लागतं, नियम आहे. खिडकीचं काही बोलले नाही. छप्पर कुजलं, एवढंच सांगितलं.

दादा पावणेअकराला आला, धाकटा अकरा वाजून दहा मिनिटांनी. दोघं म्हातारे दिसत होते. एकेकटे बघताना ते मला कधी जाणवलं नव्हतं. गाडी शेडच्या मधोमध उभी होती, दादा पुढच्या चाकापाशी, धाकटा मागच्या, आणि मी दारात.

"छकुली, त्याला विचार, ताटं नेणार आहे का."

धाकटा तीन पावलांवर होता. त्याने माझ्याकडे बघितलं. "ताई, सांग त्याला, ताटं नकोत. माझ्या खुंट्या काढून घेतो."

"त्याला म्हणावं, ने. लाकूड नाहीतरी कुजलंय, हाताने निघतील."

"कोणामुळे कुजलं ते पण विचार."

गॅरेजवाली बाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं की यांना ऐकू कमी येतं. तिने कापून ठेवलेला चौकटीचा तुकडा आणून गाडीच्या बॉनेटवर ठेवला. एका अंगाला पांढरं, दुसऱ्या अंगाला करडं, मधे काळा भुगा. मला सांगितलं होतं तेच तिने दोघांना सांगितलं, आणि विचारलं, "यातलं पांढरं कोणाचं?"

दादा करड्याकडे बघत होता आणि धाकटा पांढऱ्याकडे. मग दादाचे कान लाल झाले.

"छकुली, त्याला सांग, कपाटं बसवणाऱ्याने छपराला हात लावू नये."

"ताई, त्याला सांग, भोकं कशाला असतात ते ज्याला कळत नाही त्याने जन्मभर लोकांचे तराजू कसे तपासले?"

"सही कुठे करायची?" दादाने बाईला विचारलं.

त्याने सही केली. धाकट्याने त्याच पेनाने, पण पेन आधी पँटला पुसून, सही केली. दादाने ताटांची पिशवी उचलली. धाकट्याने स्वतःच्या गाडीची किल्ली खिशातून काढली. दोघं निघाले होते, आणि या वेळी निघाले म्हणजे निघाले, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्याकडे अजून एक गोड निरोप तयार होता. दोघांनाही घरी जाऊन फोनवर समजावलं असतं, थोडं याला, थोडं त्याला, आणखी दहा वर्षं.

"थांबा," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "दादा, त्याने आतून लावलं ते तू त्या गुडघ्याने वर चढू नयेस म्हणून. पडशील म्हणून जीव खाली-वर होत होता त्याचा. आणि तू ऐक रे. दादा वर चढला ते तुझ्या बायकोच्या उशीवर थेंब पडतो म्हणून. दोघांनीही मला सांगू नको म्हटलं आणि मी नाही सांगितलं. तुझा फोन आला तेव्हा दादाचं काम होऊन महिना उलटला होता. मला माहीत होतं. मी म्हणाले असते तर तू हातच लावला नसतास, आणि ही गाडी आज रस्त्यावर असती."

बाई हळूच दुसऱ्या गाडीकडे गेली.

दादाने पिशवी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून धाकट्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "हिला माहीत होतं."

"तीन वर्षं," धाकटा म्हणाला.

"तुला काही बोलली होती?"

"एक अक्षर नाही. बरं केलंस म्हणाली. तुला?"

"मलाही नाही. म्हणजे आपण दोघं इकडे..."

"आणि ही मधे बसून मजा बघत होती."

अकरा वर्षांनी ते एकमेकांशी बोलले ते असं. मग दोघं माझ्याकडे वळले. दादा म्हणाला की लहानपणापासून ही अशीच, पोटात एक आणि ओठात एक. धाकटा म्हणाला की याच्या आधीचेही निरोप आता तपासायला हवेत. दादा म्हणाला, बॅटरीचं तू नक्की काय म्हणाला होतास? धाकट्याने सांगितलं. दादा म्हणाला, मला हिने भलतंच सांगितलं. त्यांनी अर्धा तास एकेक निरोप बाहेर काढला आणि एकमेकांशी ताडून बघितला. आठवण दोघांचीही तल्लख आहे. मी मधे दोनदा तोंड उघडलं, तर दोन्ही वेळा दोघंही एकदम म्हणाले, "तू गप्प बस."

मी गप्प बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पश्चात्तापाचं धरलं. थोडं तेही होतं.

शेडच्या दाराशी उंचवटा आहे. तिथे दादा अडखळला, तेव्हा धाकट्याने त्याचा कोपर धरला आणि पुढेही सोडला नाही. दोघं धाकट्याच्या गाडीत बसले. जाताना ताटांची पिशवी त्यांनी नेली. मी कशी जाणार, हे कोणी विचारलं नाही. माझी सही तेवढी राहिली होती, ती करून मी बसने घरी आले.

दर रविवारी दोघांचे फोन यायचे, आधी दादाचा, मग धाकट्याचा. त्या रविवारी आले नाहीत. राग आहे, असू दे म्हटलं. आमच्या घरातले राग किती टिकतात हे मला कोणी शिकवायला नको. त्याच्या पुढच्या रविवारी संध्याकाळी मीच दादाला लावला. ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे, असं फोनमधली बाई म्हणाली. तोवर धाकट्याशी बोलून घ्यावं म्हणून त्याचा लावला. तीच बाई, तेच वाक्य. मी पाच मिनिटं थांबून दोन्ही परत लावले. चहा केला, प्यायले, कप विसळला आणि परत लावले. पाऊण तास झाला तरी दोघांपैकी एकाचाही लागेना.

मी फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. इतका आनंद झाला होता की रडू आवरेना, आणि इतकं एकटं वाटत होतं की कोणाला तरी लगेच सांगावंसं वाटलं. असं सांगावं अशी मला दोनच माणसं आहेत, आणि ती दोघं बोलत होती.